निळ्या ड्रममधले बुडबुडे

बावीस वर्षं मी गोंदियात अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून फारसे जीव मेले नाहीत. वर्गात बेडूक कापणं बंद झाल्यापासून तर नाहीतच. म्हणून ज्या एका गुन्ह्याबद्दल आज लिहायला बसलोय, तो मला जास्तच टोचतो. त्यात काही लाख जीव गेले, आणि ते जात असताना मी त्यांचा व्हिडिओ काढत होतो.

जीव धानाचे होते आणि धान माझ्या आत्याचं होतं. आत्या इटियाडोह धरणाच्या नहराखाली, म्हणजे कालव्याखाली, अर्जुनीकडच्या एका खेड्यात एकटी राहते. वय पंचाहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र दोन बांध्या ओलांडून पलीकडे जाणारा. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा बांध घातलेला तुकडा. आत्याच्या तीन बांध्यांपैकी दोनमध्ये गावातल्या सगळ्यांसारखं दुकानातलं बी पडतं. तिसरीत मात्र ती दरवर्षी एक जुनं वासाचं धान लावते. ते उशिरा येतं, वाऱ्याने लोळतं, उताराही कमी देतं. पण भात शिजला की शेजारच्या घरातलं माणूस काहीतरी निमित्त काढून येतं. पूर्वी ते धान गावात बऱ्याच घरी होतं. हळूहळू सगळ्यांनी सोडलं आणि एकट्या आत्याकडे उरलं. त्यातही मागच्या हंगामात तुडतुडा पडला आणि बांधी उभीच्या उभी करपली. हाती लागलं ते जेमतेम दहा-बारा किलो. आत्याने त्यातला एक दाणाही शिजवला नाही, सगळं बियाला ठेवलं.

"माह्या मांगं हे बी राहाले पाह्यजे," ती म्हणायची. "बाकी काही नाई राह्यलं तरी चालते."

त्या जूनमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती आमच्या गोंदियाला लागूनच्या फुलचूरच्या घरी, डोळ्यावर हिरवा कपडा बांधून, माझ्या बायकोच्या ताब्यात होती. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुरात बसायचं नाही. आत्या हे सगळं पाळत होती, कारण माझ्या बायकोपुढे डॉक्टरसुद्धा पाळतील. तेवढ्यात गावाहून शेजाऱ्याचा फोन आला. पाऊस लांबलाय, पण पऱ्ह्यांसाठी नहराला पाणी सोडतायत, पाच दिवसांनी आपल्या शिवारात येईल. पऱ्हे म्हणजे रोपं. पाणी येईल त्या दिवशी मोड आलेलं बी हातात तयार हवं, नाहीतर पाणी पुढे जातं आणि आपण बघत बसतो.

आत्या लगेच पिशवी भरायला लागली. बायकोने पिशवी काढून घेतली. दोघींची जुंपणार असं दिसल्यावर मी पुढे झालो आणि म्हणालो, "मी जातो. सुट्ट्याच चालू आहेत. बी भिजवून मोड आणायचे, त्यात काय आहे?"

आत्याने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक बोट मोडत सांगितलं. एक रात्र, एक दिवस भिजव. उपसून बोऱ्यात, म्हणजे गोणपाटाच्या पोत्यात भर, बोऱ्याचं तोंड सैल ठेव, वरून तणसाचा पेंढा टाक, सावलीत ठेव. सकाळ-संध्याकाळ बोरा उघडून दोन्ही हात तळापर्यंत घालून चाळव आणि पाणी शिंपड.

"चाळवनं इसरू नको गा. त्याचा दम कोंडते. आन रोज एक दाना चावून पाय. गोड लागला का समज बरोबर चाललं."

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. म्हणालो, "आत्या, बियाणं श्वास कसा घेतं हे तर मीच शिकवतो. पगार त्याचाच घेतो."

"शिकवतोस ना? मंग एकदा करून बी पाय."

आता शिकवतो काय ते सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. दरवर्षी त्या धड्याच्या पहिल्या दिवशी मी वर्गाला विचारतो, श्वसन कुठे होतं? सगळी पोरं छातीवर हात ठेवतात. मी खूश होतो, कारण आता त्यांची जिरवता येते. "चूक. छातीत चालतो तो भाता. खरं श्वसन पेशीत होतं. तुमच्या करंगळीतल्या पेशीत, आंब्याच्या पानात, भिजलेल्या चण्यात." मग मी साखर सांगतो. साखर म्हणजे ओंडका. ओंडका चुलीत तसाच घातला तर बसतच नाही. तो फोडून त्याच्या चिलप्या कराव्या लागतात, मग एकेक चिलपी लागेल तशी सरकवायची. पेशी तेच करते. साखरेच्या रेणूचे आधी दोन तुकडे करते. एवढ्या कामाला हवा लागत नाही, पण हाती येतात फक्त दोन चिलप्या. या चिलपीचं नाव एटीपी. पेशीतलं बहुतेक काम तिच्यावर चालतं: वाढणं, हलणं, मुळी फोडणं, सगळं. मग ते दोन तुकडे पेशीतल्या एका लहान भट्टीत जातात. भट्टीचं नाव मायटोकॉन्ड्रिया, पोरं ते दर परीक्षेत नव्या पद्धतीने लिहितात. तिथे ऑक्सिजन असेल तर तुकडे पार जळतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडतं, थोडी ऊब निघते आणि चिलप्यांचा भारा मिळतो. जुन्या पुस्तकात अडतीस, नव्यात तीस-बत्तीस. कोणता आकडा लिहायचा यावर पोरं दरवर्षी भांडतात आणि मी दरवर्षी दोन्हीला मार्क देतो.

आणि ऑक्सिजन नसेल तर? तर भट्टी बंद. पेशी दोन चिलप्यांवर कसंबसं भागवते, आणि उरलेल्या तुकड्यांची दारू होते. इथे वर्गात नेहमी हशा पिकतो. सालेकसाकडून येणारी पोरं एकमेकांना कोपर मारतात, कारण मडक्यात मोहफुलं कुजवली की काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मीही हसतो, घंटा होते, आणि मी समजतो की मला हा धडा येतो.

तर असा मी आत्याच्या गावी पोचलो. धान भिजवलं. दुसऱ्या संध्याकाळी उपसलं. इथपर्यंत सगळं आत्याच्या सांगण्याप्रमाणे झालं. पण बोऱ्याकडे पाहिलं आणि माझं डोकं चालायला लागलं. शेजाऱ्याच्या कोंबड्या दिवसभर अंगणात, उंदीर तर घरचेच. बोऱ्यापेक्षा आत्याचा निळा प्लास्टिकचा ड्रम बरा. लहानसाच होता, पण झाकणाला लोखंडी कडी होती, घट्ट बसायचं. आणि त्याच झाकणाला भोक पाडून नळी बसवली तर? नळीचं दुसरं टोक चुन्याच्या निवळीत बुडवलं तर? बियांचा श्वास निवळीत येईल, निवळी दुधाळ होईल आणि कॉलेज उघडायच्या आधी पोरांच्या ग्रुपवर असा व्हिडिओ पडेल की बाकीच्या मास्तरांनी बघत राहावं.

खिळा तापवून भोक पाडलं. औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी आणली. भोवती मेण ओतून फट बुजवली. चुना आत्याच्या पानाच्या डब्यातला. झाकण दाबून कडी लावली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेवढ्यात बायकोच्या फोनवरून आत्या बोलली.

"ठेवलं का बोऱ्यात?"

"ठेवलं," मी म्हणालो. ड्रम हाही एक प्रकारचा बोराच, अशी मी मनातल्या मनात सोय लावून घेतली.

पहिली रात्र आणि दुसरी सकाळ, नळीतून काहीच येईना. मी जरा खट्टू झालो. मेण तपासलं, कडी आवळली. दुपारी मात्र एक बुडबुडा आला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत रांगच लागली आणि निवळी ताकासारखी झाली. मी खाट ओढून ड्रमशेजारी बसलो आणि व्हिडिओ काढला. त्यात माझा आवाज अजून ऐकू येतो, भाषणाला उभा राहिल्यासारखा: "विद्यार्थी मित्रांनो, हे बियाणं जिवंत आहे. हा प्रत्येक बुडबुडा म्हणजे त्याचा श्वास." ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत अंगठे, टाळ्या, फुलं. एका पोराने लिहिलं, सर एकच नंबर. मी दोनदा वाचलं.

मग एका मुलीने लिहिलं. वर्गात कधी तोंड न उघडणारी, आमगावकडून ये-जा करणारी मुलगी. "सर, आत हवा जायला दुसरी नळी कुठे आहे?"

मी त्या वाक्याकडे पाहिलं. मग झाकणावरच्या एकुलत्या नळीकडे पाहिलं. पण टाळ्या अजून येतच होत्या. मी उत्तर दिलं, "छान प्रश्न. वर्गात चर्चा करू." मास्तरला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो, हे पोरांना पहिलीपासून माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी आत्याने विचारलं, "चाळवलं का?"

"हो हो."

"दोन्ही हात घालून?"

"दोन्ही हात घालून."

चौथ्या दिवशी सकाळी बुडबुडे इतके जोरात होते की चुन्याचा ग्लास थुईथुई करत होता. मी दुसऱ्या व्हिडिओसाठी केस विंचरत होतो. तेवढ्यात शेजारी कुंपणापाशी आला. सत्तरीचा गडी, आत्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून त्याचं शेत. नाक वर करून तो म्हणाला, "मास्तर, कवाची लावली जी?"

"काय कधी लावली?"

"आता मले कायले शिकवता? वास गल्लीपर्यंत येऊन रायला. मोहाची नाई वाटत. तांदराची होय का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोनाले नाई सांगत. वाटीभर ठेवा."

मी कडी काढली.

गरम वाफ तोंडावर आली. तिच्यामागून वास आला, आंबट, गोडसर, डोक्यात जाणारा. आत हात घातला तर चटका बसावा इतकं गरम. वरचे दाणे जरा बरे दिसत होते. त्यांना पांढरे बारीक कोंब होते, पण मुळी एकालाही नव्हती. मधलं धान चिकट, बुळबुळीत, बोटांमध्ये दाबलं की मऊ होऊन फुटणारं. शेजाऱ्याने डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. वाटीभरासाठी नाही. त्याने ते धान ओळखलं होतं.

"हे वासाचं होय का जी?"

मी मान हलवली. तो वळून निघून गेला. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर ओसरीवर बसून मला माझाच धडा आठवला, ओळीने, मुद्द्यांसकट. भिजलेला दाणा आतल्या स्टार्चची साखर करतो, म्हणून तो गोड लागतो. आत्याचं ते चावून पाहणं मी अडाणीपणा समजलो होतो, ती तर माझ्या प्रयोगशाळेपेक्षा सरळ चाचणी होती. साखर हवेत जळते तेव्हा जितका ऑक्सिजन आत जातो तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. म्हणजे बंद ड्रममधून बुडबुडा यायचं फारसं कारणच नाही. पहिल्या रात्री बुडबुडे नव्हते, कारण तेव्हा बी धड श्वास घेत होतं. आतली हवा संपली, भट्ट्या बंद पडल्या, साखरेची दारू व्हायला लागली, तेव्हा नुसताच वायू सुटू लागला आणि बुडबुडे आले. ज्याला मी श्वास म्हणत होतो तो घुसमटणाऱ्यांचा उसासा होता. लाखो दाणे दोन-दोन चिलप्यांवर तग धरायला बघत होते, स्वतःच्याच दारूत आणि स्वतःच्याच उबेत शिजत होते, आणि मी बाहेर खाटेवर बसून त्यांना मित्रांनो म्हणत होतो.

हे सगळं मला येत होतं. पुस्तकात पान कुठलं तेही येत होतं. बावीस वर्षांत एकदाही ते माझ्या हातापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच.

फोन वाजला. आत्या.

"आज गोड लागून रायलं का? चाव बरं, मी आयकून रायली."

मी एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. आंबट. वर दारूची चव.

"गोड आहे," मी म्हणालो.

"चावल्याचा आवाज त आला नाई."

"मऊ झालाय आत्या," मी म्हणालो. त्या दिवशी मी तिच्याशी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.

मग मी जे केलं ते सांगायला जड जातं, पण लपवून काय उपयोग. शेजाऱ्याची गाडी मागितली, तालुक्याला गेलो आणि दुकानातून बारीक धानाचं दहा किलो बी घेतलं. रोपं सगळी सारखीच हिरवी दिसतात. आत्याचा एक डोळा बांधलेला. कार्तिकात बघू. असा विचार मी, पोरांना कॉपी करताना पकडून वर्गाबाहेर काढणारा माणूस, भर दुपारी गाडी चालवत करत होतो.

अंगणात शिरलो तर ड्रमपाशी आत्या बसलेली. हिरवा कपडा डोळ्यावर, पदर कमरेला. मागे माझी बायको, दोन्ही हात कमरेवर. शेजाऱ्याने मी गेल्या गेल्या फोन लावला होता, आणि आत्याने मिळाली ती गाडी पकडली होती. बियाची पिशवी माझ्या काखेत, तिच्यावर ठळक छापलेलं नाव. लपवायला जागा नव्हती.

बायको म्हणाली, "वा. शॉपिंग भी हो गयी."

आत्याने पिशवीकडे पाहिलंच नाही. तिने ड्रममधून मूठ काढली, नाकाशी नेली, एक दाणा चावला, थुंकला. आणखी खालची मूठ घेतली. मग विचारलं, "काऊन केलं गा असं?"

मी सगळं सांगितलं. नळी, चुना, व्हिडिओ, टाळ्या. सांगताना ते जितकं मूर्खपणाचं वाटत होतं तितकं करताना वाटलं नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेला माणूस आत्यापुढे रडायच्या बेतात आला होता.

"मले शेत गेल्याचं काई वाटलं नसतं," ती म्हणाली. "हे बी गेलं त मंग माह्यापाशी काय राह्यलं?" तिचा उघडा डोळा भरून आला. मग तिला डॉक्टरांनी रडू नका म्हटलेलं आठवलं असावं, कारण ती एकदम खेकसली, "उभा कायले रायला? पानी आन!"

पुढचा तास तिने आम्हाला राबवलं. थंड पाण्यात धान तीनदा धुतलं. वरवर तरंगलेलं, फुटलेलं काढून टाकलं. उरलेलं ओल्या बोऱ्यांवर ओसरीत बोटभर पातळ पसरलं. आत्याला वाकायचं नव्हतं, म्हणून ती खाटेवर बसून काठीने दाखवायची आणि आम्ही गुडघ्यांवर रांगायचो. "पातर कर. अजून पातर. हवा घेऊ दे त्याले." बायकोने पंखा लावला. मी म्हणालो, पंख्याने सुकेल. दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी विज्ञानाबद्दल काही बोललो नाही.

धान ही चिवट जात आहे. चणा-गहू अशा कोंडमाऱ्यात केव्हाच हात टेकतात. धान पाण्याखाली, हवा नसताना, आधी नुसता कोंब वर पाठवतं, कुठे हवा मिळते का बघायला. मुळीचा खर्च पुढे ढकलतं. हेही मला पुस्तकातून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगत रांगत मी ते पाहिलं. एका दाण्याला मुळी फुटली होती. पांढरी, केसाएवढी. मी ओरडलो. आत्या म्हणाली, "एका दान्याले काय ओरडते? मोज."

मोजण्याइतकेच होते. बहुतेक धान काळं पडलं, त्याला कुबट वास आला. पण कडेच्या, वरच्या थरातल्या काही मुठी जगल्या. नहराचं पाणी आलं त्या दिवशी आम्ही ते बी एका कोपऱ्यात टाकलं. खाटेएवढी जागा, त्यापेक्षा मोठी नाही. शेजारी धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. "वाटीभरच मागतली होती जी मी," तो म्हणाला, "तुमी त अख्खा ड्रम लावला." आत्याला हसू आवरेना. मलाही. त्या चार दिवसांत तेवढंच एक हसणं झालं.

कॉलेज उघडलं. पहिल्या तासाला मी दोन्ही व्हिडिओ लावले, माझं भाषण आणि नंतर काळ्या पडलेल्या धानाचा काढलेला. त्या मुलीला उभं केलं आणि म्हणालो, "हिने विचारलं होतं. मी टाळलं." तिला काही बोलायचंय असं वाटलं म्हणून मी थांबलो. ती खाली बघत म्हणाली, "सर, ते मरून राहिले होते आन तुम्ही लाइक मोजून राहिले होते." वर्ग फुटला. मी तिला बस म्हणालो. त्या वर्षी परीक्षेत हवेशिवायच्या श्वसनाचा प्रश्न आला आणि माझ्या वर्गात एकानेही तो चुकवला नाही. एवढी महाग शिकवणी कुणाकडेच नसेल.

रोवणीला मी सुट्टी काढून गेलो. नेहमी तीन-चार रोपांचा झुपका लावतात. आमच्याकडे तेवढे नव्हतेच, म्हणून आत्याने एकेक रोप लावायला सांगितलं. रोवणीच्या बायांना ते हास्यास्पद वाटलं. "मास्तरनं गिनून आनले का जी पऱ्हे?" त्यांनी विचारलं. एक म्हणाली, "हे धान नाई रोवून रायलो, पोथीत पान ठेवून रायलो." बांधीचा जेमतेम एक कोपरा भरला. उरलेल्या बांधीत दुकानातलं बी, माझ्या त्या पिशवीतलं. आत्याने ते फेकू दिलं नाही. म्हणाली, त्याचा काय गुन्हा.

पण एकेकटं लावलेलं ते रोप फुटत गेलं. मोकळी जागा मिळाल्यावर एकेकाला भरपूर फुटवे आले. पावसाळाभर आत्या फोनवर माझ्या बायकोशी बोलायची आणि मला निरोप द्यायची, "त्याले सांग, अजून जित्तं आहे." माझ्याशी थेट बोलायला तिने पोळ्यापर्यंत वेळ घेतला. तेव्हाही बोलली ते, ड्रमला भोक पाडलंस ते बुजव, एवढंच.

कार्तिकाच्या सरतीला त्या कोपऱ्याची कापणी झाली. दोन छोटी पोती निघाली. मी आणि बायको गेलो होतो. आत्याने अंगणात चादर पसरली, त्यावर धान ओतलं आणि गल्लीतल्या लोकांना बोलावलं. शेजारी आला, रोवणीच्या बायांपैकी तिघी आल्या, वरच्या आळीतली एक म्हातारी आली. आत्याने सुपाने धान मोजून एकेकाच्या पदरात, पंच्यात घातलं.

"लावा. शिजवू नोका. पुढच्या साली शिजवा. आन माह्यं मेलं त मले वापस देजा."

तिने हे बी आजवर कुणाला दिलं नव्हतं. मागायला आलेल्यांना ती सरळ नाही म्हणायची. वास आपल्याच घरातून जावा याचा तिला अभिमान होता. शेजारी पंच्याची गाठ बांधताना मान खाली घालून होता. त्याने वीस वर्षं मागितलं होतं म्हणे.

चादरीवर शेवटी एक सूपभर उरलं. मी पुढे झालो. पिशवी आणलीच होती. माझ्याकडे शेती नाही, पण फुलचूरला घरामागे थोडी जागा आहे, दोन टपात लावलं असतं. गंमत म्हणून नाही. मला खरंच ते जपावंसं वाटत होतं. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

आत्याने सूप उचललं आणि स्वतःच्या डब्यात ओतलं.

"तुले नाई."

सगळ्यांसमोर. बायकोने दुसरीकडे पाहिलं. माझा चेहरा पडला असणार. मी पिशवीची घडी घातली. मला वाटलं, ठीक आहे, हे माझ्याच करणीचं फळ, आणि तिने ते सगळ्यांसमोर दिलं हेही बरोबरच. तरी मी विचारून बसलो, "मले काऊन नाई?" एवढी वर्षं पुस्तकी मराठीत शिकवूनही ते आपसूक तिच्याच बोलीत निघालं.

आत्याने डब्याचं झाकण ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता दोन्ही चांगले होते.

"एका घरचं बी दोन जागी ठेवून काय फायदा? माह्या घरात मेलं त तुह्याबी घरात मेलं. म्हनून बाहेरच्यायले देल्लं." मग डबा उचलून माझ्या हातात दिला. "हा आत ठेव. आन जूनमधी सुट्टी काढजो. भिजवाले तूच लागशीन."